सात मुक्या बटणांची हकीकत

सर्व सुज्ञ वाचकांस सविनय निवेदन करण्यात येते की, पुढील कथनात एका धुलाई कारखान्यातील घडीवाल्या बाईने, सर्वांची माया एका पारड्यात व आपला स्वतःचा खेळ दुसऱ्या पारड्यात असताना, कोणते पारडे उचलले, याचा यथातथ्य वृत्तांत येणार आहे. कथेत युद्ध नाही, परंतु माघार न घेणारे एक माणूस आहे. प्रस्तुत लेखकाचे शिक्षण अर्धवट राहिलेले असल्याने शब्दांत काही उणे आढळल्यास वाचकांनी ते पदरात घ्यावे.

तर कारखान्यात रोज हॉटेलांच्या आणि इस्पितळांच्या चादरी येत. धुतल्या जात, तापलेल्या मोठ्या रोलरमधून सपाट होऊन बाहेर पडत, आणि शेवटी घडीच्या लांब टेबलावर येत. त्या टेबलाच्या टोकाशी जी बाई उभी राही, तिला कारखान्यात कोणी नावाने हाक मारीत नसे. तिने घातलेल्या घडीचे चारही कोपरे असे बिनचूक जुळत, की एकदा कोणीतरी थट्टेने त्यावर सुताराचा गुण्या ठेवून पाहिला होता, आणि तेव्हापासून तिचे नाव काटकोन पडले. धाकट्या मुली काटकोनताई म्हणत. तिला दिसत नव्हते. चौथीत असताना तापात दृष्टी गेली. अक्षरे मात्र त्याआधीच मनात कोरली गेली होती, त्यामुळे ‘क’ म्हटले की तिच्या डोक्यात अजूनही चौथीच्या फळ्यावरचा, खडूने गिरवलेला, थोडा पोट सुटलेला ‘क’ उभा राही.

मोठी चादर एकट्या माणसाच्याने घडी होत नाही. दोन टोके दोघांनी धरायची, झटकायची, ताणायची, एकमेकांकडे चालत यायचे, आणि पुन्हा मागे जायचे. काटकोनच्या समोरचे टोक अकरा वर्षे एकाच बाईच्या हातात होते. ती सतत काहीतरी गुणगुणत असे, म्हणून तिला सारे गुणगुणी म्हणत. त्या दोघींना एकमेकींच्या पावलांची इतकी सवय झाली होती, की गुणगुणी रजेवर गेली म्हणजे काटकोनच्या घड्या होत, पण दोन बोटे उशिरा होत.

आता त्या खेळाविषयी. मोबाइलवर शब्दकोड्यांचा एक खेळ घडीच्या टेबलावरील सर्व बायका खेळत. सात अक्षरे मिळतात, त्यांतून लपलेले आठ शब्द शोधायचे. रोज एक नवे कोडे, आणि एकही दिवस न चुकवता जितके दिवस सोडवाल तितक्या दिवसांची आपली साखळी. सूचना मागितली तर खेळ स्वतःच एक अक्षर भरून देतो, पण किती सूचना घेतल्या हे शेवटी चारचौघांत सांगतो. टेबलावरील आठ जणींनी मिळून खेळात आपले एक मंडळ केले होते, आणि त्या मंडळात सर्वांत लांब साखळी काटकोनची होती. सातशे चाळीस दिवस. सूचना शून्य.

ती हे कसे खेळे, ते सांगणे आवश्यक आहे. तिच्या मोबाइलमध्ये पडदा वाचून दाखवणारी सोय होती, ज्याला स्क्रीन रीडर म्हणतात. काचेवर बोट सरकवावे, बोटाखाली जे असेल ते आवाज बोलून दाखवतो. हवे ते सापडले की दोनदा टिचकी मारायची. त्या आवाजाला काटकोनने मास्तरीण असे नाव दिले होते, आणि तिने मास्तरणीचा वेग इतका वाढवून ठेवला होता, की इतरांना पत्र्यावर खडे पडल्यासारखे नुसते तडतडणे ऐकू येई. जेवणाच्या अर्ध्या तासातली चार मिनिटे तिला पुरत. बाकीच्या जणी अजून दुसऱ्या शब्दावर डोके खाजवीत असत, आणि ही हात धुऊन मोकळी.

वाचक म्हणतील, एवढ्याशा खेळाचे एवढे काय? त्याचे उत्तर तिच्या दिवसात होते. घरी वहिनी तिच्या हातातला पेला काढून घेई आणि भरून परत देई. रस्त्यात अनोळखी माणसे न विचारता दंड धरून तिला पलीकडे नेऊन सोडीत, जिथे तिला जायचेच नसे. भाऊ तिची कागदपत्रे तिच्या आधी वाचून मोकळा होई. सर्वांचे हेतू चांगले होते, आणि त्या चांगल्या हेतूंच्या गर्दीत तिला श्वास घ्यायला जागा उरत नसे. खेळात मात्र तिचा दंड धरणारे कोणी नव्हते. तिथे सात अक्षरे होती, आणि ती होती.

एका सोमवारी खेळाची नवी आवृत्ती आली. रंग बदलले, अक्षरांभोवती चमचमती वर्तुळे आली, बायकांनी वा वा केली. काटकोनने बोट फिरवले. मास्तरीण म्हणाली, बटण. बोट सरकवले. बटण. पुन्हा बटण. सातही जागी बटण. नवी आवृत्ती करणाऱ्यांनी चित्रे सुंदर काढली होती, परंतु कोणत्या बटणावर कोणते अक्षर आहे हे मास्तरणीला सांगायला ते विसरले होते. तिने सुट्टी संपेपर्यंत प्रयत्न केला, आणि भोंगा झाल्यावर मोबाइल बाहेरच्या फळीवर ठेवून ती चादरींकडे वळली. यंत्रांच्या दालनात मोबाइल नेण्याची बंदी होती, म्हणून सर्वांचे मोबाइल दिवसभर त्या फळीवर ओळीने पडलेले असत.

घरी गेल्यावर तिने खेळ बनवणाऱ्यांना बोलून तक्रार लिहिली. उत्तर तात्काळ आले, की आपले मत आमच्यासाठी मोलाचे आहे. मंगळवारी तिने दुसरी तक्रार लिहिली, आणि तेच उत्तर तितक्याच तत्परतेने आले. भाऊ म्हणाला की सोडून दे, त्यात काय, मी रोज अक्षरं वाचून दाखवत जाईन, तू शब्द सांग, मी दाबतो. तिने जेवणाचे ताट पुढे ओढले. साखळी सोमवारीच तुटली असे तिने मनाशी धरले होते. त्याचे दुःख झाले, नाही असे नाही. पण तुटली ती तिची होती, त्यामुळे ते दुःखही तिचेच होते.

गुरुवारी संध्याकाळी ती सरावाची जुनी कोडी उघडून बसली. आजच्या कोड्याच्या वाटेला ती सोमवारनंतर गेलीच नव्हती. तिने एक बटण दाबले. अक्षर वरच्या रिकाम्या ओळीत जाऊन पडले, आणि ती ओळ मात्र मास्तरणीने वाचून दाखवली. म्हणजे बटणे मुकी होती, पण ओळ बोलत होती. तिने अक्षर पुसले, दुसरे दाबले, ओळ वाचली, पुसले. अशी सातही बटणे तपासून त्यांच्या जागा डोक्यात बसवल्या आणि मग पहिला शब्द लावला. शब्द बरोबर आला, आणि नव्या आवृत्तीने सातही अक्षरे पुन्हा पिसून टाकली. तिने एक शिवी हासडली, जी येथे देता येत नाही, आणि पुन्हा पहिल्या बटणापासून सुरुवात केली. चार मिनिटांच्या कोड्याला सत्तेचाळीस मिनिटे लागली. त्या रात्री ती फार चांगली झोपली.

शुक्रवारी सकाळी मुकादमाने घडीच्या टेबलाशी येऊन जाहीर केले, की उद्या मोठ्या हॉटेलचे तीन पाहुणे कारखाना पाहायला येणार आहेत, आणि जेवणाच्या सुट्टीत ते काटकोनताईंचा खेळ बघतील. मुकादम मनाने वाईट नव्हता. त्याला आपल्या दालनाचा अभिमान होता, आणि अभिमान दाखवायला त्याला एखादी वस्तू लागे. सातशे चव्वेचाळीस दिवसांची साखळी आहे असे मी त्यांना कळवलेसुद्धा आहे, असे तो म्हणाला. काटकोनला वाटले, याने सातशे चाळीसमध्ये आपणच चार मिळवले असतील.

दुपारी तिने आजचे कोडे उघडले. आज सुट्टीत जेवढे होईल तेवढे करायचे आणि राहिलेले घरी, असा तिचा बेत होता. साखळी एकपासून सुरू होणार होती. बोट टेकताच मास्तरीण तडतडली: आजचे कोडे पूर्ण. वेळ दोन मिनिटे. सूचना पाच. साखळी सातशे पंचेचाळीस दिवस.

तिने ते तीनदा ऐकले. मग मोबाइल पालथा ठेवला. तिच्या मोबाइलचा सांकेतिक आकडा घराबाहेर एकाच माणसाला ठाऊक होता. मागे वहिनीला फोन लावायचा असताना हात ओले होते, म्हणून तिने तो आपण होऊन सांगितला होता.

भोंगा झाला. दोघी आपापल्या टोकांना उभ्या राहिल्या. पहिली चादर आली. काटकोनने ती अशी झटकली, की गुणगुणीच्या हातून कोपरा सुटता सुटता राहिला आणि तिचे गुणगुणणे थांबले.

“पाच सूचना लागल्या तुला?” काटकोन म्हणाली. “निदान दोनात तरी सोडवायचंस. मंडळात माझ्या नावापुढे पाच लागलेत.”

गुणगुणी पुढे चालत आली, कोपरे जुळवून दिले, मागे गेली. दुसरी चादर आली, तेव्हा ती म्हणाली, “मला येतं का ते शब्दांचं? मी आपली सूचना दाबत गेले, ते भरत गेलं.”

“सोमवारपासून?”

“सोमवारपासून. मुकादमाला सांगून पाणी प्यायला जायचे आणि फळीवर उरकून यायचे.” मग तिचा आवाज जरा चढला. “सातशे चाळीस दिवस, बाई. माझ्या डोळ्यांदेखत वाया जाऊ देऊ होय?”

“माझे होते ना? मग वाया घालवायलाही मीच हवी.”

यावर गुणगुणीला खरोखरच राग आला. तिचे म्हणणे असे, की पाच दिवस जीव मुठीत धरून चोरी केली ती स्वतःसाठी नव्हे, आणि त्याचे हे पांग फेडतेस. पुढच्या दोन चादरी तिने रागारागाने झटकल्या. तिसरीला ती म्हणाली, “अकरा वर्षं तुझ्या समोरचं टोक धरतेय मी. तेव्हा नाही कधी म्हणालीस, की मदत करू नकोस म्हणून.”

“तू एक टोक धरतेस, तेव्हा दुसरं माझ्या हातात असतं,” काटकोन म्हणाली. “फळीवर माझ्या हातात काय होतं?”

गुणगुणीने पुढची चादर ओढली. संध्याकाळपर्यंत त्यांनी तीनशे चादरींच्या घड्या घातल्या, आणि एकही कोपरा चुकला नाही. पण गुणगुणणे काही परत सुरू झाले नाही. निघताना गुणगुणी एवढेच म्हणाली, की आता हात लावणार नाही, पण उद्या पाहुण्यांसमोर माझं नाव घेऊ नकोस, मुकादम मला जागेवरून काढील. काटकोनने नाव न घेण्याचे कबूल केले. परंतु बाकीचे काय करायचे ते मी ठरवीन, असेही बजावले.

शनिवारी जेवणाच्या सुट्टीला पाहुणे आले. एक खरेदी अधिकारी, ज्याचे बूट करकरत होते. एक सारखे वा वा म्हणणारे गृहस्थ. आणि एक बाई, जिचा आवाज कामाचा वाटत होता. मुकादमाने त्या दिवशीची सुट्टी तासाभराची केली होती, मोबाइल आत आणायची मुभा दिली होती, टेबल पुसून घेतले होते व काटकोनसाठी पाठ असलेली खुर्ची आणवली होती, जी त्या दालनात यापूर्वी कोणत्याही घडीवालीने पाहिली नव्हती. मग त्याने भाषण केले. डोळे नसतानाही, असे तो चार वेळा म्हणाला. जिद्द हा शब्द सहा वेळा आला. शेवटी सातशे पंचेचाळीस दिवसांच्या अखंड साखळीचा उल्लेख करून त्याने काटकोनला पुढे बोलावले.

तिने मोबाइलचा आवाज मोठा केला आणि मास्तरणीचा वेग कमी केला, जेणेकरून सर्वांना ऐकू यावे. मग म्हणाली, “साहेब, आकडा चुकलाय. सातशे चाळीस माझे आहेत. वरचे पाच माझे नाहीत.”

मुकादमाने हसून घेतले. तो म्हणाला की ताई विनयाने बोलतात, पाच इकडे की तिकडे, त्याने काय होते. टेबलाच्या पलीकडे गुणगुणीने श्वास रोखलेला काटकोनला ऐकू आला.

“खेळ बदलला, आणि माझ्यासाठी सगळी बटणं मुकी झाली,” काटकोन पुढे म्हणाली. “पाच दिवस मला तो खेळता आला नाही. कोणीतरी मायेनं माझ्याऐवजी खेळलं. कोण ते विचारू नका, मी सांगणार नाही. पण त्या पाचांच्या जोरावर मी या खुर्चीत बसणार नाही.” आणि ती खरोखरच उठून आपल्या नेहमीच्या बाकावर जाऊन बसली.

तिचे बोट काचेवर फिरले. सर्वांनी ऐकले: सर्व प्रगती पुसा. तिने दोनदा टिचकी मारली. मास्तरणीने विचारले: सातशे पंचेचाळीस दिवसांची साखळी कायमची पुसली जाईल. खात्री आहे?

येथे मुकादमाचा धीर सुटला. तो म्हणाला, अहो ताई, हे काय करताय, निदान पाहुणे जाईपर्यंत तरी थांबा. टेबलावरील बायकाही कळवळल्या. एकीने तर हात पुढे केला. सातशे चाळीस तर तुझेच आहेत ना, असे दोघी तिघी एकदम म्हणाल्या. ते खरे होते, आणि काटकोनला ते त्यांच्यापेक्षा जास्त ठाऊक होते. दोन वर्षांच्या दुपारी होत्या त्या. तापाच्या होत्या, लग्नघरच्या होत्या, आई गेली त्या दिवशीची एक होती. तिचे बोट एक क्षण काचेवर थांबले. पण पाच वेगळे काढून टाकण्याची सोय खेळात नव्हती, आणि मिसळलेले पदरी बाळगण्याची सोय तिच्यात नव्हती.

टिचकी वाजली. साखळी शून्य, मास्तरीण म्हणाली.

“आता आजचं कोडं,” काटकोन म्हणाली. “पूर्वी चार मिनिटं लागायची. आता पाऊण तास लागतो. तुम्हाला बघायचंय ना, मग बसा.”

आणि तिने सुरुवात केली. बटण. टिचकी. ओळीत: प. पुसा. बटण. टिचकी. ओळीत: र. पुसा. मग वा, मग ना, मग ळ, का, स. सात बटणे, सात अक्षरे, सात वेळा पुसणे. मग एका दमात चार टिचक्या, आणि परवाना हा शब्द लागला. वा वा म्हणणारे गृहस्थ वा वा म्हणाले. अक्षरे पिसली गेली. काटकोन पुन्हा पहिल्या बटणावर गेली. बटण. टिचकी. ओळीत: ळ. पुसा.

दुसऱ्या शब्दानंतर वा वा बंद झाले. तिसऱ्या शब्दाच्या वेळी बूट करकरू लागले, आणि खरेदी अधिकाऱ्याने मुकादमाला हळूच विचारले की हे असे किती चालायचे. मुकादमाने सुचवले, ताई, आम्ही अक्षरं वाचून दाखवली तर पटकन होईल, पाहुण्यांना वेळ नाही. काटकोनने मान वर न करता उत्तर दिले, की पाहुण्यांना वेळ नसेल तर त्यांनी खुशाल जावे, कोड्याला आजचा अख्खा दिवस आहे. हे तिने रागाने म्हटले नाही. चादर संपली आहे, दुसरी पाठवा, असे सांगावे त्या सुरात म्हटले. सरळ हा शब्द लागला, मग परका, मग काळ. तीच सात मुकी बटणे पुन्हा पुन्हा, पुन्हा पुन्हा दाबली जात होती, आणि जो तो ते ऐकत उभा होता. आजवर ती चार मिनिटांत उठून जाई, तेव्हा तिला काय लागते ते कोणालाच कळले नव्हते.

सहाव्या शब्दानंतर ती पाहुणी बाई जवळ येऊन बाकावर बसली. खुर्चीवर नाही, बाकावर. तिने विचारले, “मी काही करू शकते का?”

“माझ्यासाठी नको,” काटकोन म्हणाली. “खेळ बनवणाऱ्यांना लिहा, की बटणांना नावं द्या. मी सहा दिवस रोज लिहितेय, ते मला मोलाचं मत म्हणतात. तुम्ही लिहा, साहेब लिहा, मुकादम तुम्हीसुद्धा लिहा. जिद्द लिहू नका. बटण लिहा.”

बाईने आपला मोबाइल काढला व तिथेच बसून लिहिले. काटकोनने तिला तक्रारीची वाट दाखवली, कुठे दाबायचे, कुठे नाही. मग टेबलावरील बायकांनी एकेक करीत मोबाइल काढले. मुकादम शेवटी राहिला, आणि तक्रार या शब्दात काही चुकले तर नाही ना, असे शेजारणीला विचारून त्यानेही लिहिले. खरेदी अधिकारी तेवढ्यात बाहेर निघून गेला होता.

भोंगा झाला तेव्हा दोन शब्द उरले होते. काटकोनने मोबाइल फळीवर ठेवला आणि ती टेबलाच्या टोकाशी येऊन उभी राहिली. गुणगुणी समोर आली. चादर झटकली गेली, ताणली गेली.

“दोन राहिलेत,” गुणगुणी म्हणाली. तिने ओळी पाहिल्या होत्या. “त्यातला एक मला कळला. आयुष्यात पहिल्यांदा कळला गं. सांगू?”

“सांगून बघ,” काटकोन म्हणाली. “ही चादर तुझ्या डोक्यावर घालीन.”

गुणगुणीने तोंड मिटले. दुपारभर तो शब्द तिच्या पोटात मावेना; चालत जवळ आली की ओठ हलत, मागे गेली की हसू येई. पण तो काही तिने बाहेर पडू दिला नाही.

चार वाजताच्या चहाला काटकोन फळीपाशी गेली. दहा मिनिटांची सुट्टी. बटण, टिचकी, ओळ, पुसा. वारस लागला. अक्षरे पिसली गेली. चहा निवला. बटण, टिचकी, ओळ, पुसा, आणि भोंग्याला मिनिटभर असताना पळस.

आजचे कोडे पूर्ण, मास्तरीण म्हणाली. वेळ चार तास एक मिनिट. सूचना शून्य. साखळी एक दिवस.

“किती झाले?” दालनातून गुणगुणीने ओरडून विचारले.

“एक,” काटकोनने तितक्याच मोठ्याने सांगितले, आणि ती आत गेली.

येथे हा वृत्तांत समाप्त होतो. बटणांना अद्याप नावे मिळालेली नाहीत, हे सांगताना लेखकास खेद होतो. परंतु तक्रारी दररोज जात आहेत, व त्यांत प्रस्तुत लेखकाचीही एक असते. ज्या वाचकांनी आपला बहुमोल वेळ खर्चून हे कथन शेवटपर्यंत वाचले, त्यांचे मनःपूर्वक आभार.

आपला नम्र,
बॉयलरवरचा माणूस, ज्यास कारखान्यात ‘पंडित’ म्हणतात